आजेसासूच्या वाकळीसाठी जुन्या कापडाचा शोध: प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024

वाकळ आज पूर्ण उघडली. पलंगावर धुतलेली पांढरी चादर, तिच्यावर वाकळ, आणि मग कोपऱ्या-कोपऱ्याचे फोटो काढले. साइझ साधारण पाच फूट बाय साडेसहा. सासूबाईंच्या सासूनं शिवलेली, पहिलं लेकरू पोटात असताना, म्हणजे हिशोब लावला तर 1935 च्या आसपासची, आणि आतलं कापड त्याच्याही आधीचं, कारण वाकळीत कोणी नवं कापड घालत नाही, अंगावर वापरून वापरून मऊ झालेलंच घालतात.

थर चार. वरतून लुगड्यांची ठिगळं, खालून एक सबंध लुगडं, मधात धोतराचे दोन थर, कापूस कुठंच भरलेला नाही. एका फाटक्या जागेतून मधातलं धोतर दिसते, त्याच्यावर मिलचा निळा शिक्का आहे, अर्धा पुसलेला, पण नागपूर हे स्पष्ट वाचता येते. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं म्हणून ते नाव. टाके चारी काठांपासून आत आत येत गेलेले, चौकोनात चौकोन, आणि दोरा तीन-चार रंगांचा आहे म्हणजे तो लुगड्यांच्या काठातून ओढून काढलेला. इतका बारीक धावदोरा हातानं घालणारी बाई मला पाहायला नाही मिळाली याचं फार वाईट वाटते.

नुकसान लिहून ठेवते. काळ्या पट्ट्या सगळ्या गेल्या, हात लावला की भुगा पडते. निळ्या-पांढऱ्या चौकडीची दोन ठिगळं उंदरानं कुरतडलेली. चारी बाजूची लाल गोट दोन कोपऱ्यांत घासून फाटली, बाकी गोट अजून दणकट. खालचं लुगडं मधात विरलं आहे पण ते टिकून आहे, त्याला सध्या हात लावणार नाही.

21 नोव्हेंबर

काळंच काहून गेलं याच्यामागे होते दोन-तीन दिवस. एकाच वाकळीत, एकाच पेटीत, तेवढ्याच वर्षांची लाल गोट शाबूत आणि काळी पट्टी राख, याला कारण असलंच पाहिजे.

कारण रंगात आहे. जुन्या देशी पद्धतीत काळा रंग करायचा म्हणजे कापडाला आधी हिरड्याचं पाणी द्यायचं आणि मग लोखंडाचं, गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून जे पाणी होते ते. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून पक्का काळा येते, पण ते लोखंड सुतात राहून जाते आणि वर्षानुवर्षे सूत आतून खात राहते. म्हणून काळं आणि गडद तपकिरी कापड सगळ्यात आधी ठिसूळ होते. सासूबाई म्हणाल्या त्या पट्ट्या चंद्रकळेच्या आहेत, त्यांच्या सासूला लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घेतलेली चंद्रकळा.

लाल गोट म्हणजे खारवा, जाडंभरडं लाल कापड, पूर्वी पोती-पिशव्यांना, गाद्यांना, वह्या बांधायला वापरायचे तो. हा लाल आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून करायचे आणि रंग धरायला तुरटी लावायचे, लोखंड नाही. 1868 साली जर्मनीत अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत करता आला, मग तो कारखान्यात व्हायला लागला आणि हळूहळू आलीची शेती बसली, पण त्या नव्या लालालाही तुरटीच लागायची. तुरटी सुताला लोखंडासारखी खात नाही. आपली गोट दोन्हीपैकी कोणतीही असो, कापड मजबूत का राहिलं ते समजलं.

म्हणजे तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला वेगळं कापड लागणार. एकाच दुकानात जाऊन काम होणार नाही.

27 नोव्हेंबर

शोधायच्या आधी मोजून घेतलं, नाहीतर रंगाला भुलून काहीही आणलं जाईल. चौकडीच्या ठिगळातून एक लोंबता तुकडा सुटलाच होता, तो घेऊन तालुक्याला गेले आणि सोनाराच्या काट्यावर तोलला. आधी घरी पट्टी लावून त्याची लांबी-रुंदी लिहून घेतली होती. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर कापड जितके ग्रॅम भरते त्याला शंभरानं गुणलं की एका चौरस मीटरचं वजन निघते, तुकडा लहान असला तर तेवढा हिशोब लावून घ्यायचा. चौकडीचं लुगडं शंभर ग्रॅमच्याही खाली आलं. सोनार दादांनी कौतुकानं तोलून दिलं, पैसे घेतले नाहीत.

ताणा-बाणा मोजायला मोबाईलचा कॅमेरा पुरतो, पट्टीशेजारी कापड ठेवायचं, झूम करून फोटो काढायचा आणि मग स्क्रीनवर एका सेंटिमीटरमधले उभे-आडवे धागे मोजायचे. ताण्याचे आणि बाण्याचे वेगळे लिहायचे कारण हातमागावर दोन्ही सारखे नसतात.

हे एवढं कशासाठी तर नवं घट्ट कापड जुन्याला जोडलं की ताण सगळा जुन्यावर येते आणि ठिगळाच्या काठाकाठानं नवी फाट पडते. माझ्या माहेरच्या गोधड्यांवर हे कितीदा पाहिलं आहे, कोऱ्या पॉपलिनचं ठिगळ शाबूत आणि त्याच्या भोवतीचं मूळ कापड चौकोनात फाटलेलं. रंग जुळला नाही तर डोळ्याला खटकेल एवढंच, पण वजन आणि वीण जुळली नाही तर वाकळच जाईल. म्हणून माझा क्रम ठरला: आधी वजन, मग वीण, मग कापड किती वापरलेलं आहे ते, आणि रंग सगळ्यात शेवटी.

5 डिसेंबर

आठवडी बाजार. जुन्या कपड्यांवर भांडे देणाऱ्या बाया बसतात तिकडे गेले. ढीगच्या ढीग आहेत पण त्यात सुती शोधणं मुश्कील, सगळं टेरिकॉट, पॉलिस्टर, नायलॉनच्या साड्या. साठ-सत्तरच्या दशकात टेरिलिन आलं आणि गावातल्या बायांनी जड सुती लुगडी सोडली, वाळायला सोपं, इस्त्री नको, त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हाची सुती लुगडी पुढं वाकळी, पोतेरे आणि लेकराचे लंगोट होऊन संपली. त्या पिढीच्या आधीचं कापड ढिगात येतच नाही, ते आलं तर कोणाच्या पेटीतून येईल.

एका भांडेवालीला खास सांगून ठेवलं, हात लावून बघ, गार लागलं आणि चुरगळलं की तसंच चुरगळलेलं राहिलं तर ते बाजूला ठेव. ती म्हणे, "फाटकं बी चालते का ताई?" म्हटलं फाटकंच पाहिजे.

घरी येऊन घेतलेल्या दोन तुकड्यांची जळण परीक्षा केली. काठाचे दोन-तीन धागे चिमट्यात धरायचे आणि काडीला लावायचे, वाटीत पाणी जवळ ठेवायचं. सुती कागदासारखं जळते, वासही कागदाचा, राख मऊ आणि करडी. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि कडक मणी राहते. रेशीम, कोसा असला तर जळक्या केसांचा वास. एका तुकड्यात मणी आला, टेरिकॉट निघालं, हाताला मात्र पूर्ण सुती वाटत होतं.

12 डिसेंबर

नागपूर, गांधीबाग. लग्नसराईची गर्दी. दोन-तीन दुकानांत विचारलं तर त्यांनी "अँटिक लूक" म्हणून मुद्दाम फिका छापलेला कपडा काढून दाखवला, तो नवाच आहे आणि घट्ट आहे. मांजरपाट पाहिला, जाड. लंकलाट पाहिला, पांढराशुभ्र आणि खळ भरलेला. मलमल वजनात जवळ होती पण वीण फार विरळ.

एक गोष्ट मात्र मिळाली, अतिशय बारीक नेट, नवरीच्या ओढणीला लावतात ती, काळी आणि गडद निळी. काळ्या पट्ट्यांचा भुगा जागच्या जागी धरून ठेवायला वरतून हीच लागेल. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, तिचं भोक मोठं आणि धागा जाड.

इतवारीतून परत येताना विचार करत होते, या भागात कोष्ट्यांचे माग घरोघरी होते, नागपुरी लुगडी इथूनच सगळीकडे जायची, आणि आज त्याच बाजारात जुन्या नागपुरी लुगड्याचा एक वीतभर तुकडा मागितला तर कोणी ओळखत नाही. मला हे फार लागलं.

29 डिसेंबर

कापूस वेचणीचे दिवस, दिवसा घरी कोणी सापडत नाही, सगळे वावरात. म्हणून सांजच्याला जाते. शेजारच्या गावात एक जुना वाडा आहे, तिथली बुढी आई नव्वदीच्या घरात, लुगडं अजून नऊवारीच. तिला वाकळीचे फोटो दाखवले तर तिनं मोबाईल डोळ्याला लावूनच पाहिला.

"हे चौकडीचं तर माह्या सासूपाशी व्हतं, अस्संच."

मग सुनेनं पेटी काढली. वरतून एक सबंध लुगडं निघालं, नऊवार अखंड, किरमिजी काठाचं, पदर शाबूत. बुढी आई म्हणे, "हे ने, चांगलं हाय." मी नाही घेतलं. अखंड लुगडं कापून ठिगळ लावायचं हे मला कधीच पटणार नाही, एक जुनी वस्तू वाचवायला दुसरी मारायची नसते. तिच्या सुनेला उलट सांगितलं की हे घडी मोडून वेगळ्या जागी घाला आणि पेटीत डांबर गोळ्या कापडाला चिटकून ठेवू नका.

खाली एक फाटकं होतं, मडक्याभोवती गुंडाळून ठेवलेलं. निळी-पांढरी चौकडी, आपल्यापेक्षा घर थोडं मोठं, पण हाताला अगदी तेच. बुढी आई हसायलाच लागली, "काहून व माय, हे फाटकं कायले पाह्यजे तुले?" समजावून सांगितलं की फाटक्याचाच उपयोग आहे, हे माझ्या वाकळीएवढंच थकलेलं आहे. मग ती गंभीर झाली आणि म्हणे, "मंग ने. पण सारं नोको कापजो, एक पट्टी मले वापस दे." देणार आहे.

नऊवारी लुगडं कुठं विरते ते तिनंच दाखवलं. बसायच्या जागी आणि कासोट्याशी आधी जाते, खांद्यावरचा पदर उन्हानं फिका पडते, पण निऱ्यांचा आतला भाग सगळ्यात जास्त टिकते, तिथं ऊनही नाही आणि घासणंही नाही. म्हणून तुकडा घ्यायचा तो निऱ्यांतून, आणि रंग जास्त गडद वाटला तर उलटी बाजू वर करायची.

2 जानेवारी 2025

लुगड्याच्या घडीत कसर निघाली. खळीच्या कपड्याला ती हमखास लागते. वाकळीजवळ तो कपडा न्यायचाच नाही असं ठरवून ओसरीवरच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केला. आमच्या तालुक्यात आइस्क्रीमचं दुकान आहे, थंडीत त्यांचा एक डीप फ्रीझर रिकामाच असते, त्यात दोन आठवडे ठेवू दिला. उणे 18 ते 20 डिग्रीला दोन आठवडे राहिलं की किडे आणि अंडी दोन्ही मरतात, औषध मारायची गरज नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं कापड बाहेरच्या हवेएवढं होऊ द्यायचं, नाहीतर त्याच्यावर दंव धरते.

19 जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, रोज कोणाकडे ना कोणाकडे बोलावणं आहे. जुन्या कापडाची चौकशी करायला यापेक्षा चांगली जागा नाही, चार गावच्या लेकी-सुना एकत्र येतात आणि प्रत्येकीला आपल्या आजीची पेटी माहीत असते. मी वाकळीचे दोन फोटो मोठे प्रिंट करून पर्समध्ये ठेवले आहेत, मोबाईलपेक्षा कागद हातोहात फिरते.

आज एकीनं करवती काठ आणून दाखवला, भंडारा जिल्ह्यातल्या माहेरचा, कोशाचा, काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. हे विणकाम विदर्भाचंच, भौगोलिक मानांकन मिळालेलं. पाहून जीव सुखावला पण वाकळीला चालणार नाही, कोसा आणि सूत ओलाव्यानं वेगवेगळं आकसते. तिला सांगितलं हा जपून ठेव, फ्रेम कर पाहिजे तर.

आणि मग लाल मिळाला! एका वहिनीच्या सासऱ्यांकडे पूर्वी सरकी-कापसाचा व्यापार होता, रोजमेळ आणि खतावण्यांचे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत, ते बांधलेले लाल कपड्यात. वहिनी म्हणाल्या, "तो लाल फडका फेकणारच होतो." उद्याच जाते म्हटलं, फेकू नका.

20 जानेवारी

गेले. खारवाच आहे. जाड, खरबरीत, विटेच्या रंगाकडे झुकणारा लाल, गाठीच्या आतल्या भागात रंग अजून तेजदार. गोटेच्या तुकड्याशी धरून पाहिला तर वीण जवळजवळ तीच, वजन किंचित जास्त. गोटेला ते चालते, तिथं जाडपणच पाहिजे. वह्या मी तशाच नव्या मांजरपाटात बांधून दिल्या, धुऊन खळ काढलेल्या. त्या वह्यांमध्ये कोणत्या साली कापसाला काय भाव होता ते सगळं आहे, वहिनींना सांगितलं की हे कोणा अभ्यासकाला दाखवा, वाकळीपेक्षा जास्त मोलाचं असेल.

24 जानेवारी

काळ्याचा प्रश्न राहिला होता. एक जण चंद्रकळेचा तुकडा द्यायला तयार झाल्या पण मी बोटानं हलकं दाबून पाहिला आणि लगेच धूळ आली. जुना काळा आणायचा म्हणजे तोच रोग परत आणायचा. इथं जुन्याचा हट्ट सोडावा लागते.

म्हणून वर्ध्याला गेले. मगन संग्रहालय पाहिलं, गांधीजींच्या हस्ते 1938 साली उघडलेलं, चरख्यांसमोर बराच वेळ उभी होते. नंतर गावातून हातकताईची बारीक खादी घेतली. काळी खादी कितीही छान दिसली तरी ती लोखंडानं रंगवलेली आहे का हे विचारूनच घ्यावं. मी निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेली, जवळजवळ काळी दिसणारी घेतली. नीळ सुतावर बसते ती हवा लागून, तिला लोखंडाचा आधार लागत नाही. हातकताईच्या सुताला जाड-बारीक चढउतार असते, ते जुन्या कापडाशेजारी उपरं दिसत नाही.

नणंद म्हणाली नवी खादी चहाच्या पाण्यात बुडव, जुनी दिसेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. चहात टॅनिन असते, आम्ल असते, कापड दिसायला जुनं होते आणि आतूनही तसंच कमजोर व्हायला लागते.

30 जानेवारी

धुणं. चौकडी, खारवा, खादी तिन्ही वेगवेगळं कोमट पाण्यात भिजवून, सौम्य साबण, तीन-चार पाण्यांतून काढून सावलीत वाळवलं, पिळलं नाही, टॉवेलमध्ये दाबलं. मग रंग उतरतो का ते पाहिलं, ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापड ठेवून वर पाण्यानं भरलेला तांब्या अर्धा तास. चौकडी स्वच्छ. खादीची थोडी निळाई उतरली म्हणून पुन्हा धुतली, दुसऱ्यांदा फडकं पांढरं राहिलं. खारव्याचा गुलाबी डाग काही केल्या थांबेना, म्हणून त्याच्या आणि लुगड्याच्या मधात पांढऱ्या मलमलीची बारीक पट्टी घालणार आहे आणि ही वाकळ यापुढे कधीच पाण्यात जाणार नाही हे लेबलवर लिहिणार आहे. धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी जोरावर, तोंडाला मलमल बांधून, एवढंच.

8 फेब्रुवारी

शिवण सुरू. मूळ ठिगळ एकही काढलं नाही. नवा तुकडा फाटक्याच्या खालून सरकवायचा, चारी बाजूनं थोडा मोठा, उभा धागा उभ्याशी लावून, आणि कुरतडलेल्या काठावर बारीक टाके. दाभण अजिबात नाही, सगळ्यात बारीक सुई. दोरा सुती आणि एकेरी, मशीनचा पॉलिस्टर दोरा नाही, कारण ताण आला तर दोरा तुटला पाहिजे, कापड नाही.

चौकडीची दोन्ही ठिगळं झाली. निऱ्यांच्या आतला तुकडा उलटा लावला आणि दोन हातांवरून पाहिलं तर जोड कळत नाही, जवळून पाहिलं तर कळते. मला तेच पाहिजे होतं, पुढं कोणी ही उघडली तर जुनं कोणतं आणि माझं कोणतं हे त्यांना समजलं पाहिजे.

सासूबाई रोज दुपारी शेजारी बसतात. त्यांनी चष्मा लावून टाके पाहिले आणि एका जागी म्हणाल्या, "इथं तिनं टाका उलटा घेतला हाय, लेकरू रडलं असंन." तो टाका तसाच ठेवला.

17 फेब्रुवारी

काळ्या पट्ट्या सगळ्यात वेळखाऊ. खाली निळी खादी, मधात उरलेली चंद्रकळा जशी आहे तशी, तुकडे चिमट्यानं जागेवर लावून, आणि वरतून काळी नेट. टाके चंद्रकळेतून घालायचेच नाहीत, पट्टीच्या बाहेरच्या धडक्या कापडात घालायचे, म्हणजे ठिसूळ सुतात सुई शिरत नाही. उजेड चांगला असला तरच हे काम होते म्हणून सकाळी दहा ते बारा. लोखंडाचं खाणं यानं थांबत नाही, फक्त पडणारा भुगा थांबते, ते घरच्यांना सांगून ठेवलं आहे.

गोटेचे दोन्ही कोपरे लागले. खारवा जाड असल्यानं तिथं तेवढी जरा मोठी सुई वापरली.

26 फेब्रुवारी

वाकळ आता घडी न करता गुंडाळून ठेवली. जाड पुठ्ठ्याचा पाइप, त्याच्यावर धुतलेला मांजरपाट, मग वाकळ ठिगळांची बाजू बाहेर करून, वरतून पुन्हा मांजरपाट. प्लॅस्टिक नाही. कडुलिंबाचा पाला कापडाला लागू न देता वेगळ्या पुरचुंडीत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर उघडून पाहायची, सावलीत.

लेबल जाड सुती फितीवर पेन्सिलीनं लिहून एका टोकाला टाचलं: चौकडी कोणत्या गावच्या कोणत्या घरची, खारवा कोणत्या वह्यांचा, खादी कुठली, कोणत्या महिन्यात लावलं, धुऊ नये. बुढी आईची पट्टी धुऊन इस्त्री न करता नेऊन दिली, तिनं ती परत मडक्याभोवतीच गुंडाळली. उरलेली चौकडी एक वीतभर आणि खारवा साधारण दोन हात, दोन्ही नाव लिहून ठेवले आहेत. नणंदेच्या सासरी याच काळातली एक वाकळ आहे, तिची गोट फाटलेली, तिला हा खारवा जमते का ते होळीनंतर तिकडे जाऊन आधी तोलून पाहणार.